अमेरिकेत वाढलेल्या भाचीला जिम्नॅस्टिक्समध्ये भारताकडून उतरता येईल का?

प्रश्न : दादरची मावशी
माझी भाची अमेरिकेत जन्मली आणि तिथल्या विद्यापीठाच्या संघातून जिम्नॅस्टिक्स खेळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात ती कधीच नव्हती. गेल्या डिसेंबरात आजीला तळहातांवरचे घट्टे दाखवता दाखवता तिने विचारले, की अमेरिकेत जन्मलेली आणि आईकडून फिलिपिनो असलेली एलीया फिनेगन कॉलेजात शिकत असतानाच २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये फिलिपिन्सकडून उतरू शकते, तर मी भारताकडून का नाही? तिच्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे कार्ड, आहे. तेवढे पुरेल का?

उत्तर : पार्लेकर
नाही पुरणार. फिलिपिन्समध्ये दुहेरी नागरिकत्व चालते, आपल्याकडे चालत नाही, आणि भारतीय पासपोर्ट असलेल्यांनीच देशाकडून खेळावे असे क्रीडा मंत्रालयाने २००८ सालीच ठरवले आहे. ओसीआय नोंदणीला पाच वर्षे झाली असतील आणि अर्जापूर्वीचे बारा महिने भारतात वास्तव्य असेल, तर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, पण मग अमेरिकेचे नागरिकत्व सोडावे लागते. फुटबॉलपटू अराता इझुमी जपानचे नागरिकत्व सोडूनच २०१३ साली भारताकडून खेळला. शिवाय वर्षभर इथे राहायचे म्हणजे कॉलेजचा जानेवारी ते एप्रिलचा हंगाम बुडणार, आणि पुढचे शिक्षण स्वतःच्या जन्मभूमीत विद्यार्थी व्हिसावर घ्यावे लागणार, हे तिला आधीच सांगा.

उत्तर : बोरिवलीची प्रशिक्षक
कागदपत्रांइतकाच खेळातला फरकही मोठा आहे. कॉलेजात गुण दहापैकी असतात, त्यामुळे मुली बेताचे कठीण प्रकार निवडून ते निर्दोष करण्यावर भर देतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत काठिण्याचे गुण वेगळे मोजून दहापैकी मिळालेल्या सफाईच्या गुणांत मिळवतात, आणि व्हॉल्टच्या, म्हणजे धावत येऊन टेबलावरून उडी घेण्याच्या प्रकाराच्या, अंतिम फेरीसाठी दोन वेगवेगळ्या प्रकारच्या उड्या लागतात, तर कॉलेजात एकीवर भागते. दीपा कर्माकर २०१६ साली रिओत प्रोदुनोव्हासारखी जोखमीची उडी घेऊनही १५.०६६ गुणांवर चौथी आली; कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकले. भाचीला दुसरी उडी आजपासूनच बसवायला सांगा, कारण ती बसायला अर्जाइतकाच वेळ लागतो.

दादरची मावशी
दोघांचेही आभार. कार्ड २०१८ सालचे असल्यामुळे पाच वर्षांची अट पूर्ण झाली आहे. नात वर्षभर राहायला येईल एवढेच ऐकून आईने मागची खोली आवरायला घेतली. पासपोर्टचे मात्र मी बहिणीच्या कानावर अजून घातलेले नाही.