मदत हवी आहे: परभणी-सेलूकडं एएची (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंग कुठं भरते?

नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून उपचार घेऊन गावी आलाय. सध्या दारू बंद आहे, पण दिवेलागण झाली की जीव कासावीस होतो त्याचा. खिशात बडीशेपेची पुडी ठेवतो, पारावर जायचं टाळतो. जुने सोबती मात्र फोन करायचं सोडत नाहीत!

अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्ये फी नसते, दारू सोडायची इच्छा एवढीच अट, हे माहीत आहे. परभणी, सेलू, मानवत किंवा जालन्यात मराठीतून चालणारा ग्रुप आहे का? वार-वेळ सांगा. रात्री परतीच्या एसटीची पंचाईत होते, सकाळची मीटिंग असली तर लई बरं. ओपन मीटिंगला मी सोबत बसेन, क्लोज्ड असेल तर बाहेर थांबेन.

वहिनीसाठी अल-अ‍ॅनॉनचा (दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीचा) गट जवळपास आहे का? खरं सांगायचं तर दादापेक्षा तीच जास्त खचलीय.

माळ घालायला लावा, असं कृपया सांगू नका, ती आधीच घातलीय. कुणी स्वतः मीटिंगला जात असाल तर इथं न लिहिता मला मेसेज केला तरी चालेल.