संस्थेचं बाल थेरपी सेंटर: वेटिंग लिस्ट संपत नाही आणि स्लॉट रिकामे जातात, काय करायचं?

सेंटरवाली:
नमस्कार मंडळी. आमची संस्था ना-नफा तत्त्वावर लहान मुलांसाठी थेरपी सेंटर चालवते, स्पीच, ऑक्युपेशनल थेरपी (ओटी, म्हणजे कपडे घालणं, जेवणं, खेळणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून दिलेली थेरपी) आणि फिजिओ तिन्ही एकाच ठिकाणी, फी ज्याला जेवढी झेपेल तेवढी आणि ज्याला झेपतच नाही त्याला माफ. काम चांगलं चाललंय, मुलांमधे फरक दिसतो, एक पालक दुसऱ्याला सांगतो, आणि त्यामुळेच वेटिंग लिस्ट एवढी वाढलीय की नवीन पालकाचा फोन आला की आता काय सांगायचं याचंच दडपण येतं. दोन वर्षांचं मूल, तोंडातून अजून एक शब्द नाही, आणि आपण म्हणायचं नाव लिहून ठेवते, नंबर आला की कळवते. नंबर येईपर्यंत ते मूल तीन वर्षांचं होतं.

आणि एवढी लिस्ट असून रोज काही ना काही स्लॉट रिकामे जातातच, ठरलेलं मूल येत नाही, कधी ऐनवेळी फोन येतो कधी तोही नाही, थेरपिस्ट खोली मांडून बसलेली असते. पैशांचं म्हणाल तर देणगीदार झोके, मॅट, सेन्सरी रूम (स्पर्श, प्रकाश, आवाज असे अनुभव देणारी खास खोली) द्यायला एका पायावर तयार असतात पण पगार म्हटलं की हात आखडता घेतात. थेरपिस्ट मुली आमच्याकडे शिकून तयार होतात आणि मग खाजगी सेंटरला जातात, त्यांना मी दोष देत नाही, घर त्यांनाही चालवायचंय.

आता विश्वस्तांनी सुचवलंय की ४५ मिनिटांचं सेशन ३० चं करा, आहेत त्याच लोकांत जास्त मुलं बसतील आणि रिपोर्टमधला आकडाही वाढेल. त्यांचा हेतू वाईट नाहीये, लिस्टचा त्रास त्यांनाही होतो. पण मला हे पटत नाहीये, आणि नुसतं पटत नाही म्हणून मीटिंगमधे भागणार नाही. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगा प्लीज.

ओटी_सीनियर:
ताई, आधी त्या ३० मिनिटांचं बोलू. लहान मूल आत येतं, चपला काढतं, आईचा हात सोडतं, खोलीत जरा रुळतं, यातच दहा मिनिटं जातात. शेवटची दहा मिनिटं आज काय केलं आणि घरी काय करायचं हे आईला दाखवण्यात जायला हवीत. मग मधे उरतं काय? आणि वेळ अपुरा पडला की सगळ्यात पहिल्यांदा आईशी बोलणंच कापलं जातं, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. मूल आठवड्यात तास दोन तास आपल्याकडे असतं, बाकी सगळा वेळ घरी, त्यामुळे आईला दाखवायची दहा मिनिटं गेली की थेरपीचा बराचसा उपयोगच गेला. शिवाय मुलं वाढली की नोट्स वाढतात, रिपोर्ट वाढतात, शाळेचे फोन वाढतात, ते सगळं थेरपिस्टने जेवणाच्या सुट्टीत करायचं का?

लिस्टबद्दल माझं स्पष्ट मत आहे की पहिला आला तो पहिला हा नियम दिसायला न्याय्य वाटतो पण लहान मुलांच्या बाबतीत तो न्याय्य नाही. सेरेब्रल पाल्सीचंच घ्या, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्यामुळे हालचालींवर परिणाम होतो ती अवस्था, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शेकडो मुलांची हालचाल वर्षानुवर्षं मोजली होती, त्यात असं दिसलं की सगळ्यात तीव्र गटातली मुलं आपल्या मोठ्या हालचालींच्या क्षमतेच्या ९० टक्क्यांपर्यंत सरासरी पावणेतीन वर्षांच्या आसपासच पोचतात आणि सगळ्यात सौम्य गटातली पावणेपाचच्या आसपास. पुढे काही शिकता येत नाही असा याचा अर्थ अजिबात नाही, पण आठ महिन्यांच्या बाळाला आणि आठ वर्षांच्या मुलाला एकाच रांगेत उभं करणं चूक आहे एवढं नक्की कळतं. गिळताना ठसका लागणारं, वजन न वाढणारं मूल असेल तर त्याला थांबवायचंच नाही, लगेच डॉक्टरकडे आणि लगेच आपल्याकडे.

म्हणून फोन आल्यावर थोड्याच दिवसांत एक छोटी पहिली भेट द्या. पूर्ण असेसमेंट नको, मूल बघायचं, धोक्याचं काही आहे का ते तपासायचं, आणि पालक रिकाम्या हाताने परत जाणार नाहीत एवढं बघायचं. बोलत नाही म्हणून आलेल्या प्रत्येक मुलाची श्रवण तपासणी झालीय का हे त्याच भेटीत विचारा. हाक मारली की वळून बघतं म्हणजे ऐकू येतं असं घरचे ठामपणे सांगतात, पण काही आवाज ऐकू येतात आणि काही येत नाहीत असं असू शकतं, आणि ती तपासणी वेटिंगच्या काळात सहज होऊन जाते.

अजून एक, थेरपी कायमची चालू ठेवू नका. दहा-बारा आठवड्यांचा ब्लॉक, त्यात पालकांसोबत ठरवलेली दोन-तीन ध्येयं, मग घरी सराव करायचा काळ आणि पुढच्या तपासणीची तारीख आधीच हातात. कित्येक सेंटरला लिस्ट हलत नाही कारण आत आलेलं मूल बाहेरच पडत नाही, आणि बाहेर काढायला जीव होत नाही कारण परत आत यायला वर्ष जाईल अशी भीती. तारीख पक्की असेल तर ही भीती कमी होते.

हिशोबनीस:
मी थेरपिस्ट नाही, संस्थांचे हिशोब बघतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही, म्हणून विश्वस्तांशी पैशाच्याच भाषेत बोला.

पहिल्यांदा एका सेशनचा खरा खर्च काढा. बहुतेक ठिकाणी थेरपिस्टचा पगार भागिले सेशन एवढंच करतात. त्यात भाडं, वीज, खेळणी पुसायचा वेळ, नोट्स, पालकांचे फोन, सुपरव्हिजन म्हणजे सीनियरचं मार्गदर्शन, सुट्ट्या, रिसेप्शनवरची व्यक्ती, ऑडिट हे सगळं आलं पाहिजे, आणि भागाकार ठरवलेल्या सेशनने नाही तर प्रत्यक्ष झालेल्या सेशनने करायचा. शंभर ठरली आणि ऐंशी झाली तर प्रत्येक झालेलं सेशन २५ टक्क्यांनी महाग पडतं, पगार शंभरचाच जातो ना. मग विश्वस्तांना आपोआप दिसेल की वेळ कापण्याआधी रिकामे स्लॉट भरणं स्वस्त आहे आणि त्यात कुठल्या मुलाचं नुकसानही नाही.

दुसरं, झोके देतो पण पगार देत नाही. २००९ मधे अमेरिकेतल्या एका नियतकालिकात यावर लेख आला होता, ना-नफा संस्थांची उपासमारीची साखळी असा त्याचा विषय. देणगीदार अपेक्षा ठेवतो की प्रशासनावर जवळजवळ खर्चच नको, संस्था त्या दबावाखाली खर्च खरोखर कमी करते आणि कागदावर अजून कमी दाखवते, ते बघून देणगीदाराची अपेक्षा आणखी ताणली जाते. ही साखळी तोडायची तर अर्ज लिहितानाच तोडावी लागते. थेरपिस्टचा पगार आणि सुपरव्हिजन 'प्रशासन' या रकान्यात टाकूच नका, तोच तर तुमचा कार्यक्रम आहे, थेरपीमधे थेरपिस्ट सोडून दुसरं आहे काय? आणि वस्तू देणाऱ्याला नम्रपणे सांगा की सेन्सरी रूम दिलीत तर ती वापरणाऱ्या माणसाचा निदान वर्षभराचा खर्चही त्याच अर्जात धरतोय. काही जण मागे हटतील, हटू देत.

राखीव निधी कुठल्याही बंधनाशिवाय वापरता येईल असाच ठेवा, तीन महिन्यांचे पगार निघतील इतका तरी. एक मोठं अनुदान दोन महिने उशिरा आलं की इथेच घोडं पेंड खातं. आणि फी माफीचा लेखी तक्ता करा, ठरवणारी व्यक्ती थेरपिस्ट नको. ज्या ताईने मुलाला शिकवायचं तिच्यासमोरच आईने पैसे नाहीत म्हणायचं हे दोघींनाही जड जातं.

एका_मुलाची_आई:
मी पालक म्हणून लिहितेय. रिकाम्या स्लॉटबद्दल बोलताना लोक पटकन म्हणतात की फुकट मिळतं म्हणून किंमत नाही. हे ऐकलं की फार लागतं. माझा मुलगा थेरपीला जातो आणि मी स्वतः सेशन बुडवलेली आहेत, कारण दुपारी दोनची वेळ होती, ती त्याच्या झोपेची वेळ, रडत रडत नेलं तर तो काहीच करत नाही आणि दिवसभर चिडचिड. कधी धाकटीला ताप. कधी कामावरून निघताच येत नाही आणि सुट्टी मागून मागून तोंड उरत नाही. आणि एक कारण कोणी बोलून दाखवत नाही, घरचा सराव झाला नसेल तर ताईंना काय सांगायचं म्हणून न गेलेलंच बरं वाटतं.

त्यामुळे वेळ देताना विचारा की मूल कधी झोपतं, तुमचं काम कितीला सुटतं. आदल्या दिवशी मेसेज पाठवा आणि येता येत नसेल तर एका शब्दात उत्तर देता येईल असं करा, म्हणजे तो स्लॉट दुसऱ्या मुलाला मिळेल. भावंडाला आत बसू द्या. आणि दोनदा नाही आलो की नाव कापलं असं करण्याआधी एक फोन करा हो.

घरच्या सरावाबद्दल सांगते. आधी आम्हाला कागद मिळायचा, त्यावर आठ व्यायाम. तो कागद फ्रिजवर लागायचा आणि तिथेच राहायचा. मग नवीन ताई आल्या, त्यांनी एकच सांगितलं, सकाळी शर्ट घालताना वरची सगळी बटणं तुम्ही लावा, शेवटचं अर्धं काजात घालून ठेवा आणि त्याला फक्त ओढू द्या. ते जमलं की शेवटचं पूर्ण त्याचं, मग शेवटची दोन. शर्ट तर रोज घालायचाच असतो, वेगळा वेळ काढावा लागत नाही, आणि शेवट त्याच्या हातून होतो म्हणून तो खूश. आता वरचं कॉलरजवळचं बटण सोडून सगळी तोच लावतो, थोडा वेळ लागतो, आम्ही थांबतो.

सेंटरवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः तुमचे, मुलाच्या आई. झोपेच्या वेळेचं आजच रिसेप्शनला सांगितलं.
मला अजून एक अडतंय. विश्वस्त आणि देणगीदार दोघंही विचारतात किती मुलांना फायदा झाला. मुलांची संख्या देऊ नको तर काय देऊ? प्रत्येक मूल वेगळं, एकाचं चालणं आणि दुसऱ्याचं बटण यांची बेरीज कशी करायची?

फिजिओ_बालविभाग:
यासाठी ध्येयपूर्ती मोजपट्टी वापरा, गोल अटेनमेंट स्केलिंग, १९६८ मधे ती मूळ मानसिक आरोग्य सेवेसाठी तयार झाली आणि आता मुलांच्या पुनर्वसनात सर्रास वापरतात. ब्लॉक सुरू होताना पालकांसोबत बसून पाच पायऱ्या लिहायच्या, अपेक्षित तेवढं झालं तर शून्य, त्याहून जास्त झालं तर अधिक एक आणि अधिक दोन, कमी पडलं तर उणे एक आणि उणे दोन. 'तोल सुधारेल' असं नाही लिहायचं, 'एका हाताने कठडा धरून चार पायऱ्या चढेल' असं लिहायचं, म्हणजे कोणीही बघून सांगू शकेल झालं का नाही. मग बटण आणि पायऱ्या यांची बेरीज करायची गरजच नाही, ठरवलेल्या ध्येयांपैकी किती ध्येयं शून्य किंवा वर गेली हे सांगता येतं. पायऱ्या मात्र प्रामाणिक लिहा, ध्येय मुद्दाम सोपं ठेवलं तर आकडा छान दिसतो आणि मूल तिथेच राहतं.

एक सावधगिरी. सेरेब्रल पाल्सीमधे मूल स्वतः कितपत हालचाल करू शकतं याची जी पाच पातळ्यांची वर्गवारी १९९७ पासून वापरतात ती परिणाम म्हणून दाखवू नका. मुलाची पातळी सहसा तीच राहते, ती बदलणं हे थेरपीचं उद्दिष्टच नाही. तिसऱ्या पातळीचं मूल वॉकर घेऊन वर्गात स्वतः जायला लागलं हा मोठा परिणाम आहे, पण पातळीच्या रकान्यात काहीच दिसणार नाही आणि देणगीदार म्हणेल फरक शून्य.

आणि थेरपिस्ट टिकण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पगार मुख्य कारण आहेच, त्याला पर्याय नाही. पण नवीन मुली जातात त्यामागे एकटेपणाही असतो, अवघड केस, रडणारे पालक, आणि विचारायला वर कोणी नाही. आठवड्यातून एक तास सीनियरसोबत पक्का ठेवा, कॅलेंडरमधे कुलूपबंद, त्या तासात पेशंट घ्यायचा नाही. तो तास कोणी रिकामा म्हटलं तर सांगा की माणूस सोडून गेला की त्याची सगळी मुलं परत वेटिंगवर जातात आणि नव्या थेरपिस्टसोबत विश्वास बसायला पुन्हा आठवडेच्या आठवडे लागतात. उपकरणांच्या मागे कमी धावा, २०१३ मधे सेरेब्रल पाल्सीच्या उपचारांचा जो मोठा आढावा आला त्यात ध्येय ठरवून केलेला सराव आणि घरचा कार्यक्रम हे हिरव्या रंगात होते, म्हणजे खुशाल करा या गटात. या दोन्हीला महागडी खोली लागत नाही, शिकवणारं माणूस लागतं.

ओटी_सीनियर:
फिजिओदादांशी सहमत. ताई, मीटिंगला जाताना विश्वस्तांना ३० मिनिटांना नाही एवढंच सांगू नका, बदल्यात काय ते घेऊन जा. पहिल्या भेटीसाठी आठवड्यातली एक सकाळ राखीव, नव्या मुलांना दहा-बारा आठवड्यांचे ब्लॉक, आदल्या दिवशीचे मेसेज, आणि वेटिंगवरच्या पालकांसाठी महिन्यातून एक गट. सहा महिने द्या म्हणावं, तोवर सेशनची वेळ बदलायची नाही. आत्ताचे आकडे आजच लिहून ठेवा, किती ठरली किती झाली आणि पहिल्या भेटीला सरासरी किती दिवस लागले, नाहीतर सहा महिन्यांनी तुलना कशाशी करणार?

सेंटरवाली:
लिहून घेतलं सगळं. पालक गटासाठी संध्याकाळची वेळ ठेवतेय, भावंडांना सांभाळायला एक स्वयंसेवक बघते. मीटिंग झाली की इथे कळवते.

एका_मुलाची_आई:
गटात आधीच्या पालकांपैकी एखाद्याला बोलवा. मी येईन.