घाटात गाडीचा दम अचानक गेला, मेकॅनिक म्हणतो टायमिंग गेलंय, इंजिन खोलू का?

घाटवाट_चिपळूण:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. गाडी २०१४ ची, १.३ लिटर डिझेल, कॉमन रेल, टर्बोवाली, १ लाख ३८ हजार किमी झालेत. परवा आईला घेऊन कराडला दवाखान्यात निघालो होतो, पोफळीपर्यंत गाडी एकदम झकास आणि कुंभार्ली घाट चढायला लागल्यावर थोड्याच वेळात तिसऱ्या गिअरमध्ये असताना एकदम कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी बसलीच. ॲक्सिलेटर पूर्ण दाबला तरी अडीच हजार आरपीएमच्या वर जाईना, आरशात बघतो तर मागे काळा धूर, वर चेक इंजिनचा दिवा. मागून लोडेड ट्रक येत होता, आई शेजारी, हात अक्षरशः थरथरत होते. बाजूला घेऊन गाडी बंद केली, पाच मिनिटांनी चालू केली तर पहिल्यासारखी पळायला लागली! दोनेक किमीवर परत तेच. असं थांबत थांबत पहिल्या-दुसऱ्यावर हेळवाक गाठलं आणि तिथून आईला दुसऱ्या गाडीने पुढे पाठवलं.

आता मेकॅनिक म्हणतो टायमिंग आउट झालंय, इंजिन खोलावं लागेल, २५-३० हजार धरून चाला. स्कॅनर लावलाच नाही, नुसता आवाज ऐकून सांगितलं. ७ महिन्यांपूर्वी सकाळी खळखळ आवाज यायचा म्हणून मी टायमिंग चेन बदलून घेतलीये, दुसऱ्या एका गॅरेजमध्ये. खरं सांगायचं तर तेव्हापासून सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, मला वाटलं बॅटरी जुनी झाली असेल. खोलू का? की आधी बघण्यासारखं काही आहे?

डेटाबघा_पुणे:
अजिबात खोलू नका अजून. बंद करून चालू केल्यावर गाडी परत पळते ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही सांगितलीत, कारण टायमिंग चेन दातावरून उडी मारून बसली असती तर पाच मिनिटं थांबून ती काही परत जागेवर येत नाही. हा लिम्प मोड आहे, म्हणजे ईसीयूला, इंजिनच्या कॉम्प्युटरला, काहीतरी आकडा जुळत नाही म्हणून तो स्वतःच डिझेल आणि टर्बो आवळून ठेवतो, चावी फिरवली की विसरतो आणि परत तोच आकडा चुकला की परत आवळतो.

आधी कोड वाचून घ्या. पी०२९९ आला तर टर्बोचं प्रेशर कमी पडतंय, पी००८७ आला तर रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या नळीत, डिझेलचं प्रेशर कमी पडतंय, पी००१६ म्हणजे क्रँक (पिस्टनमुळे फिरतो तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडतो तो दांडा) यांचं एकमेकांशी जुळत नाहीये. आणि धूर कुठल्या रंगाचा ते नीट बघा. काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. फिल्टर चोक होऊन डिझेलच कमी मिळत असेल तर गाडी मरते पण असा काळा धूर सहसा सोडत नाही.

नाशिकचा_राजू:
भावा माझ्याकडे पण सेम झालं होतं, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) जाम. सरळ पत्रा टाकून ब्लँक कर, विषय संपला, पिकअप पण वाढतो.

डेटाबघा_पुणे:
राजूभाऊ, ईजीआर उघडा अडकून राहिला तर काळा धूर येतो हे बरोबर, पण मग तो खालच्या आरपीएमला रोज जाणवेल, आयडलिंग पण खराब होईल. यांची गाडी पोफळीपर्यंत सपाटीला व्यवस्थित होती आणि लोड आल्यावरच बसली. आणि ब्लँक करायचं मी तरी कोणाला सांगणार नाही, पीयूसीचा प्रश्न येतो आणि बऱ्याच गाड्यांत परत वेगळा कोड येतो. आधी शोधू तर काय आहे ते.

घाटवाट_चिपळूण:
मित्राचा ब्लूटूथवाला ओबीडी, म्हणजे कोड वाचायचा स्कॅनर, लावला. दोन कोड निघाले, पी०२९९ आणि पी००१६. दोन्ही! आता तर मला काहीच कळेना, म्हणजे मेकॅनिक बरोबर आहे का? धूर नक्की काळाच. आणि हो, आज खिडकी उघडी ठेवून तिसऱ्यावर जोरात दाबली तर पुढून फुस्स असा आवाज येतो, ॲक्सिलेटर सोडला की बंद.

पंपवाले_काका:
माझं इचलकरंजीला डिझेल पंप-नोझलचं काम, ३१ वर्षं झाली. दोन कोड आहेत म्हणजे दोन आजार असू शकतात, एकाच औषधाने दोन्ही जातील अशी आशा धरू नका. आणि एकामुळे दुसरा झाला असंही लगेच समजू नका.

तो फुस्स आवाज आधी धरा. टर्बोतून हवा इंटरकूलरला जाते, तिथे थंड होते आणि तिथून इंजिनात, मधे रबरी पाइप असतात. त्यात तेलाची वाफ जाते, रबर आतून फुगतं, मऊ पडतं आणि मग चिरतं. गंमत अशी की थंड गाडीत हाताने चाचपलं तर चीर मिटलेली असते, आत हवा भरली की ओठ उघडल्यासारखी उघडते. त्यातून मोजलेली हवा बाहेर. एअरफ्लो सेंसर टर्बोच्या आधी बसलेला, त्याने हवा मोजून ईसीयूला सांगितली, ईसीयूने तेवढ्या हवेचं डिझेल दिलं आणि हवा तर वाटेतच गेली. म्हणून काळा धूर. पाइपचं खालचं अंग बघा, जिथे तेलकट धूळ बसलीये तिथे बोट फिरवा, आणि पाइप वाकवून बघा. नाही सापडलं तर आतून थोडी हवा भरून साबणाचं पाणी मारा. पण टायर भरायच्या कॉम्प्रेसरची हवा सरळ सोडू नका, एक बारच्या आतच ठेवा, नाहीतर चांगला पाइप पण उडेल.

आणखी एक हात जोडून सांगतो. जुन्या डिझेलमध्ये इंजिन चालू ठेवून एकेक नोझलचा नट ढिला करून कुठलं सिलिंडर मेलंय ते बघायचो आम्ही. कॉमन रेलला हे करू नका, कोणालाही करू देऊ नका. रेलमध्ये लोडवर १६०० बारपर्यंत प्रेशर असतं, ती धार चामडी फाडून आत जाते, दिसायला टाचणीएवढं भोक पण हात जायची वेळ येते.

टायमिंगचं नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

घाटवाट_चिपळूण:
काका सापडलं!! इंटरकूलरकडून वर येणाऱ्या पाइपला, खालच्या बाजूला, रेडिएटरच्या पट्टीला घासून घासून करंगळीएवढी चीर पडलीये. वरून बघितलं तर पाइप नवाकोरा. पट्टीवर काळा तेलकट डाग आहे बरोबर त्याच जागी. नवीन पाइप आणि दोन क्लॅम्प १,८५० ला पडले, स्वतः बसवला. काल मुद्दाम कुंभार्ली चढून आलो, तिसऱ्यावर तीन हजारच्या वर पण छान ओढते, धूर नाही. पण सकाळी सेल्फ अजून चार-पाच सेकंद लागतोच आणि कोड क्लिअर केल्यावर दुसऱ्या दिवशी पी००१६ परत आला. पी०२९९ नाही आला. आणि खाली दीड हजारच्या आत गाडी अजून जराशी सुस्तच वाटते मला, किंवा आता मी जास्तच लक्ष देऊन बघतोय म्हणून असेल.

पंपवाले_काका:
नाही, बरोबर वाटतंय तुम्हाला. आता टायमिंगचं नीट ऐका, कारण इथे लोकांचे पैसे जातात.

जुन्या इंजिनात पंप हलवून इंजेक्शनचं टायमिंग पुढे-मागे करता यायचं, पांढरा धूर आणि दम नाही म्हटलं की पंप जरा ॲडव्हान्स करायचा. कॉमन रेलमध्ये पंप फक्त प्रेशर बनवतो. डिझेल केव्हा सोडायचं ते ईसीयू क्रँक सेंसर बघून ठरवतो. तेव्हा कोणी पंपाचं टायमिंग करून देतो म्हटलं तर गाडी घेऊन या परत. तुमच्या गाडीत टायमिंग म्हणजे क्रँक आणि कॅमचं नातं, जे चेन धरून ठेवते.

क्रँकच्या चाकावर बहुतेक गाड्यांत साठ दातांच्या जागा असतात, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. ती रिकामी जागा म्हणजे ईसीयूची खूण. पण कुठलं सिलिंडर कॉम्प्रेशनला आहे ते नुसत्या क्रँकवरून कळत नाही, क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा कॅमचा एक होतो, म्हणून कॅम सेंसर लागतो. दोघांच्या खुणा ठरलेल्या अंतरापेक्षा सरकल्या की पी००१६, आणि सेल्फ मारताना खुणा जुळेपर्यंत ईसीयू डिझेल सोडायला थांबू शकतो. शिवाय कॅम मागे असेल तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, खालच्या आरपीएमला आत आलेली थोडी हवा परत बाहेर ढकलली जाते, कॉम्प्रेशन कमी, म्हणून सकाळी त्रास आणि खाली सुस्ती. वर आरपीएम गेलं की फारसं कळत नाही.

आधी स्वस्तातलं बघा. कॅम सेंसरचं सॉकेट काढून आत तेल गेलंय का, वायर कुठे घासलीये का, सेंसर पूर्ण बसलाय का. ते ठीक असेल तर माझा संशय ७ महिन्यांपूर्वीच्या कामावर. बऱ्याच ठिकाणी जुन्या चेनवर आणि चाकांवर नेलपॉलिशच्या खुणा मारतात आणि त्याच खुणांवर नवीन चेन चढवतात. अहो पण जुनी चेन वाढलेली असते म्हणूनच तर बदलताय ना, तिच्या खुणा आधीच मागे गेलेल्या! या इंजिनाला लॉक पिन येतात, क्रँकची वेगळी, कॅमची वेगळी. क्रँक पिनवर लॉक केला आणि कॅमची पिन सहज आत गेली तर टायमिंग बरोबर. नाही गेली तर मागे-पुढे आहे. हे तपासायला हेड उतरवावं लागत नाही. इंजिन हाताने, पान्याने, फिरायच्या दिशेनेच फिरवायचं, पूर्ण दोन फेरे फिरवून मग पिन घालून बघायची. सेल्फ मारायचा नाही. आणि पिन लावून त्याच्या जोरावर बोल्ट सोडायचे नाहीत, पिन वाकते किंवा कॅम तुटतो.

तोवर गाडी जास्त ताणू नका. एक दात चुकलेला चालून जातो, आणखी सरकली की पिस्टन व्हॉल्व्हला लागतो, मग खरंच हेड उतरवायची वेळ येते.

सातारी_ड्रायव्हर:
काकांचं लिहिलेलं सेव्ह करून ठेवलंय. एकच विचारायचं होतं, चेन बदलताना टेन्शनर (चेन ताणून धरतो तो) पण बदलावाच का?

पंपवाले_काका:
हो, चेन, टेन्शनर, गाईड सगळं एकत्र. आणि ऑइल. टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, ऑइल उशिरा बदललं की चेंबरमधली (इंजिनखाली ऑइल साठतं ती टाकी) जाळी गाळाने भरते आणि सकाळचा खळखळाट तिथूनच सुरू होतो.

घाटवाट_चिपळूण:
शेवटचं अपडेट. सॉकेट कोरडं होतं, वायर पण ठीक. रत्नागिरीला एकाकडे लॉक पिनचा पूर्ण सेट आहे, शनिवारी गाडी नेली, समोर उभा राहून बघितलं. क्रँक लॉक झाला आणि कॅमची पिन भोकाच्या कडेवर अडून राहिली, अर्धं भोकच दिसत होतं. फोटो काढलाय. चेनवर अजून गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका होता, काका तुम्ही म्हणालात तस्साच. कव्हर काढून चेन परत बसवली, टेन्शनर नवीन, ऑइल-फिल्टर, सगळं मिळून ७,४०० झाले. आता सकाळी सेल्फला नुसतं बोट लावलं की चालू होते. आठ दिवस झाले, कोड नाही. काल आईला घेऊन कराडला जाऊन आलो, घाटात ती झोपून गेली होती.

ज्या गॅरेजने चेन बसवली होती त्यांना पिनचा फोटो दाखवला, मजुरी परत द्यायला तयार झालेत.

पंपवाले_काका:
छान झालं. नवीन पाइप त्याच पट्टीला परत घासणार, तिथे जुन्या पाइपचा तुकडा चिरून पट्टीवर चढवा आणि टाय मारा.

घाटवाट_चिपळूण:
जुना पाइप डिकीतच आहे काका, आजच करतो.