गोधडीसाठी कापड पुण्याचे की परदेशातले?

प्रश्न: माझी बहीण अमेरिकेत गोधड्या शिवते. तिकडे त्यासाठीचे सुती कापड चांगल्या दुकानात वाराला साधारण १२ ते १४ डॉलरना पडते, म्हणून ती मला इथून कापड पाठवायला सांगते. लक्ष्मी रस्त्यावर मला केंब्रिक (एक तलम सुती कापड) १४० रुपये मीटरने मिळाले. ते तिकडच्या कापडाच्या तोडीचे असेल का?

प्रतिसाद १: तुलना करताना वार ९१ सेंटिमीटरचा आणि तिकडचा पन्हा साधारण ४४ इंचांचा असतो, हे आधी लक्षात घ्यावे. चांगल्या केंब्रिकची वीण पुरेशी घट्ट असते. खरी काळजी रंगाची. मी लाल अजरख (ठशांनी छापलेले कापड) न धुता पांढऱ्या कापडाला जोडले आणि पहिल्याच धुण्यात पांढऱ्या चौकोनांच्या कडा गुलाबी झाल्या. तीन महिन्यांचे टाके होते ते. तेव्हापासून ओले पांढरे फडके घासून पाहिल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही.

प्रतिसाद २: ताई, सुती कापड आटते, म्हणून धुऊन, इस्त्री करूनच पाठवा. टपालखर्च वजनावर लागतो, पण पहिल्या टप्प्याचा दर सर्वांत जास्त असतो, त्यामुळे थोडेसेच कापड पाठवल्यास स्वस्ताई उरत नाही. बहीण हाताने टाके घालत असेल, तर सोबत एखादी जुनी सुती साडीही द्या. तिच्यातून सुई अलगद जाते.