डावीकडे वळताना कट-कट

ए-५०२: नमस्कार मंडळी, गाडीतलं कळणाऱ्यांनी जरा मदत करा. वळताना पुढच्या चाकातून आवाज येतोय. सरळ रस्त्यावर गाडी एकदम शांत. टायर गेला का?

बी-२०३: चाकाचं बेअरिंग. डोळे झाकून बदलून टाका.

सी-१०४: डोळे झाकून काहीच बदलू नका. आवाज कसा येतो ते आधी सांगा. घरघर, कट-कट की किंचाळी? आणि कुठल्या बाजूला वळताना?

ए-५०२: काका, दोन आवाज आहेत. बेसमेंटमध्ये वळवली की टायर किंचाळतात. आणि गेटमधून डावीकडे बाहेर पडताना कट-कट-कट.

ए-३०१: पहाटे आमच्या बेडरूमखाली ओरडते ती गाडी तुमची होय!

सी-१०४: दोन्ही आवाज वेगळे धरा, एकाच्या नादात दुसरा राहून जातो. किंचाळीचं बहुतेक फरशीमुळे आहे. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. म्हणून स्टिअरिंग दोन्ही चाकांना वेगवेगळा कोन देतं, पण फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं की, तो तंतोतंत जमत नाही आणि टायर थोडा घासत जातो. डांबरावर ते ऐकूही येत नाही, इपॉक्सीचा गुळगुळीत थर मारलेल्या फरशीवर कर्कश वाजतं.

डी-४०१: तरी हवा बघाच. हवा कमी असली की टायरच्या कडा जास्त दबतात आणि ओरडणं वाढतं. गाडी थंड असताना तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा घ्या. टायरवर छापलेला असतो तो कमाल मर्यादेचा, तेवढी भरायची नसते. आणि बाहेर डांबरावर, साध्या वेगातही ओरडत असतील तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन. ट्रेडवरून, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवरून, आडवा हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने कडा बोचल्या तर टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बिघडलाय समजा.

बी-२०३: आणि कट-कट? ते तर बेअरिंगच ना?

सी-१०४: बेअरिंग सहसा घरघरतं. ती घरघर वेगाबरोबर वाढते आणि सरळ जातानाही असते. गिअर बदलला, इंजिनचा आवाज उतरला तरी ती तशीच. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हा घरघर वाढली तर संशय उजव्या बाजूवर. टायर उंचसखल झिजले तरी हुबेहूब तसाच आवाज येतो. पुढचे टायर मागे टाकून बघायचं. आवाजही मागे गेला तर टायर, नाही गेला तर बेअरिंग. यांचं यातलं काहीच नाही.

सी-३०२: टायरच्या खाचेत खडा अडकला असेल.

सी-१०४: खडा सरळ जातानाही टिकटिक करेल.

बी-६०१: डिकी रिकामी करून बघा हो. आमच्या गाडीत जॅकचा दांडा निसटला होता. प्रत्येक वळणावर पत्र्यावर ठण्णकन आपटायचा. गॅरेजवाल्याने चाक धरणारा लोअर आर्म बदलायची यादीसुद्धा हातात दिली होती!

डी-४०१: सगळ्यात आधी एक सांगा, एवढ्यात चाक काढलं होतं का? पंक्चर वगैरे?

ए-५०२: हो ताई, गेल्या महिन्यात टायर पुढे-मागे केले.

डी-४०१: मग गाडी हलवायच्या आधी पाना घेऊन खाली जा आणि नट बघा. चाक खोललं की ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचेच असतात. सैल नटांवर गाडी चालवणं म्हणजे चाक निखळायची वाट बघणं. बाकी सगळं नंतर.

ए-५०२: बघून आलो, सगळे घट्ट आहेत. डिकीतही काही सुटं नाही.

सी-१०४: छान. आता मोकळ्या जागी जा, काचा खाली करा. स्टिअरिंग डावीकडे फुल लॉक करून अगदी हळू गोल फिरवा. मध्येच एक्सलरेटर थोडा द्या, मग सोडा. तसंच उजवीकडे. बाहेर कुणीतरी लांब उभं राहून ऐकलं तर उत्तम, गाडीत बसून बाजू नीट कळत नाही.

ए-५०२: करून आलो. डावीकडे एक्सलरेटर दिला की कट-कट, वेग वाढवला की तीही भरभर होते. पाय काढला की जवळजवळ बंद. उजवीकडे काहीच नाही. लेक बाहेर उभी होती, ती म्हणते ड्रायव्हरच्या बाजूने आवाज येतो, म्हणजे उजवीकडून.

सी-१०४: मग उजवा बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा, सीव्ही जॉइंट. इंजिनचा जोर वळलेल्या चाकापर्यंत तोच पोचवतो. आत पोलादी गोळ्या असतात, त्या खोबणीतून सरकतात. खोबणी झिजली की जोर पडताच गोळी उडी मारते, तीच कट-कट. आता स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवा, इंजिन बंद करा आणि टॉर्चने चाकामागे बघा. जॉइंटला झाकणारा घड्याघड्यांचा रबरी बूट दिसेल. रिमची आतली बाजूही बघा.

ए-५०२: रिमला आतून काळं चिकट काहीतरी उडालंय. आणि बुटाच्या एका घडीत बोटभर चीर आहे.

सी-१०४: सापडलं. चिरेतून ग्रीस बाहेर फेकलं गेलं, धूळ-पाणी आत गेलं.

ए-५०२: नुसता बूट बदलून भागेल का?

डी-४०१: आवाज यायच्या आधी चीर दिसली असती तर बूट आणि नवीन ग्रीसवर भागलं असतं. आता खोबणीच खाल्ली गेलीय. नव्या ग्रीसने आवाज थोडे दिवस दबेल आणि परत येईल. जॉइंट बदला, किंवा पूर्ण ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे जॉइंटसकट चाक फिरवणारा दांडा. डावा बूटही बघून घ्या. तोवर लांब कुठे जाऊ नका. जॉइंट तुटला तर इंजिन चालू राहील, गाडी मात्र जागची हलणार नाही.

ए-५०२: काम झालं. जुना जॉइंट मागून घेतला. खोबणीत नखाला लागतील असे खड्डे आहेत. कट-कट पूर्ण बंद. पुढच्या टायरांत हवा २६ होती, स्टिकरवर ३३. तीही भरली.

ए-१०३: काका, आमच्या गाडीचं वेगळंच आहे. गाडी उभी असताना नुसतं स्टिअरिंग फिरवलं तरी पुढून टण्ण होतं.

सी-१०४: तिथे सीव्ही जॉइंटचा संबंध नाही. शॉकअपच्या वरच्या टोकाला त्याला गाडीशी जोडणारं माउंट आणि बेअरिंग असतं, ते अडकत असेल. स्प्रिंगला पीळ बसतो आणि मग ती एकदम सुटते. बॉनेट उघडून माउंटवर हात ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा, धक्का हाताला लागेल. बोटं स्प्रिंगच्या वेटोळ्यांत मात्र घालू नका.

ए-१०३: तुम्हीच या ना बघायला.

सी-१०४: शनिवारी दुपारी उतरतो. स्टिअरिंग फिरवायला एक माणूस तयार ठेवा.