मदत हवी आहे : रक्तदाब कमी असूनही हृदयरुग्णाच्या पायांना सूज का येते?

नमस्कार.

मी सांगलीत बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात शिकते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्यामुळे पॅथोफिजिओलॉजीचे इंग्रजी पुस्तक वाचताना वाक्ये पाठ होतात, परंतु त्या वाक्यांत नेमके काय घडत आहे हे पुष्कळदा डोळ्यांसमोर उभे राहत नाही. अशाच एका वाक्यापाशी मी आठवडाभर अडकले आहे, म्हणून हा धागा काढला.

मेडिसिन वॉर्डातील पोस्टिंगमध्ये केस स्टडीसाठी मला मिळालेले रुग्ण साठी ओलांडलेले शेतकरी असून त्यांना हार्ट फेल्युअर (हृदय अशक्त होऊन रक्त पुरेसे पुढे ढकलू न शकणे) आहे. दाखल झाले तेव्हा त्यांचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले होते, नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडून तसाच राहत होता, मानेच्या शिरा फुगलेल्या दिसत होत्या, लघवी फारच कमी होत होती आणि रक्तदाब होता 92/60. केअर प्लॅनमध्ये मी पुस्तकातले वाक्य लिहिले की केशवाहिन्यांमधील दाब वाढल्यामुळे द्रव ऊतींमध्ये झिरपतो आणि सूज येते. मॅडमनी ते वाचून एवढेच विचारले, "यांचा दाब तर कमी आहे. मग वाढला तो कोठला?" मला उत्तर देता आले नाही, आणि खरे सांगायचे तर असा प्रश्न पडू शकतो हेच तोपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

मला जेवढे समजले आहे ते लिहिते, म्हणजे चूक दाखवणे सोपे जाईल. स्टार्लिंग यांनी 1896 मध्ये मांडलेल्या विचारानुसार केशवाहिनीत रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो, तर रक्तातील प्रथिने, मुख्यतः अल्ब्युमिन, ते आत ओढून धरतात. पुस्तकातील आकड्यांप्रमाणे ढकलणारा दाब रोहिणीकडील टोकाला सुमारे 35 मि.मी. पारा आणि नीलेकडील टोकाला सुमारे 15 असतो, तर प्रथिनांची ओढ दोन्हीकडे सुमारे 25 असते. त्यामुळे सुरुवातीला पाणी बाहेर पडते, शेवटी बरेचसे आत येते आणि उरलेले लसिकावाहिन्या वाहून नेतात. इथपर्यंत अडचण नाही.

आमच्या वावरात नदीवरून पाइपलाइनने पाणी येते. विजेचा दाब कमी असला की मोटर पाणी उचलत नाही आणि वरच्या अंगाच्या सऱ्या कोरड्या राहतात. हृदय हा पंप मानला, तर तो अशक्त झाल्यावर पाय कोरडे पडायला हवेत. तेथे पाणी साचते कसे? शिवाय शरीरात पाणी एवढे जास्त झालेले असताना मूत्रपिंड ते बाहेर टाकण्याऐवजी लघवी कमी का करते, हेही उमगत नाही. जाता जाता आणखी एक शंका अशी की बालरुग्ण विभागात नेफ्रोटिक सिंड्रोम (मूत्रपिंडाचा एक आजार) असलेल्या एका मुलाचे डोळे सकाळी सुजून जवळजवळ मिटलेले असतात, माझ्या रुग्णाचा चेहरा मात्र जराही सुजलेला नाही. असे का होते?

उत्तर : निवृत्त पाठ्यनिर्देशिका, सातारा

मोटरीचा दाखला टाकून देऊ नका. तुम्ही मोटरीच्या पुढे पाहिलेत, मागे पाहायचे राहिले. वावरात गेलेले पाणी परत मोटरीकडे येत नाही. शरीरात मात्र ते सगळे फिरून त्याच जॅकवेलमध्ये, म्हणजे मोटर ज्यातून पाणी उचलते त्या विहिरीत, येते आणि मोटरीने ते पुन्हा उचलायचे असते. मोटर अर्ध्या ताकदीने चालू लागली तर वावराला पाणी कमी पडेल हे खरे, पण त्याच वेळी जॅकवेलमधील पातळी चढेल आणि तिच्याकडे येणाऱ्या चरांत पाणी तुंबेल. फुगवटा हा शब्द सांगलीकरांना समजावून सांगावा लागत नाही. हरिपूरच्या संगमाशी कृष्णा दुथडी भरून वाहत असली की वारणेच्या पाण्याला पुढे जायला वाव राहत नाही आणि ते मागे वारणाकाठच्या शेतांत पसरते. हृदयाच्या उजव्या बाजूने येणारे रक्त पुरेसे पुढे ढकलले नाही की असाच फुगवटा मोठ्या नीलांत, तेथून मानेच्या शिरांत, यकृतात आणि पायांत पोहोचतो. डावी बाजू थकली तर तो फुप्फुसांत जातो आणि रुग्णाला धाप लागते.

आता मॅडमच्या प्रश्नाकडे येऊ. दंडाला पट्टा बांधून आपण मोजतो तो रोहिणीतील दाब. रोहिणी आणि केशवाहिनी यांच्यामध्ये सूक्ष्म रोहिणिका असतात, त्यांच्या भिंतीतील स्नायू आकसतात आणि सैल होतात, आणि मोठ्या रोहिणीतील 90 ते 95 चा सरासरी दाब केशवाहिनीच्या तोंडाशी 35 वर उतरतो तो या दारामुळेच. म्हणून दंडावरचा आकडा काहीसा वर-खाली झाला तरी त्याचा थोडाच भाग केशवाहिनीपर्यंत पोहोचतो. नीलेच्या बाजूला असे दार नाही, त्यामुळे तिकडचा वाढलेला दाब बहुतांशी तसाच मागे येतो. नीलेकडील टोकाचे 15 जर 25 च्या घरात गेले, तर प्रथिनांची ओढ पूर्वीइतकीच असूनही पाणी आत येणे थांबते. लसिकावाहिन्या एरवी दिवसाला सुमारे 2 ते 3 लिटर द्रव परत नेतात. गरज पडल्यास त्या कित्येक पट अधिक वाहून नेतात, म्हणूनच दाब वाढल्याबरोबर लगेच सूज दिसत नाही. त्याही पुऱ्या पडेनाशा झाल्या की पाय भरू लागतात. क्षारपड जमिनीत निचऱ्याचे पाइप का घालतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला लसिकावाहिन्यांचे काम वेगळे सांगायला नको.

तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक विद्यार्थिनी फुगवट्यापाशी थांबतात. जरा हिशेब करून पाहा. प्रौढ माणसाच्या अंगात एकूण रक्तच सुमारे 5 लिटर असते. मग दोन्ही पायांत साठलेले कित्येक लिटर पाणी नुसत्या फुगवट्यातून कसे येईल? ते मूत्रपिंडाने राखून ठेवलेले असते. मूत्रपिंडाला पायांची सूज दिसत नाही. दाबावर लक्ष ठेवणारे महत्त्वाचे संवेदक रोहिणीच्या बाजूला आहेत : महारोहिणीच्या कमानीत, मानेतील कॅरोटिड रोहिणीत आणि मूत्रपिंडात शिरणाऱ्या रोहिणिकेत. तेथे भरणा कमी पडला की शरीर त्याचा अर्थ रक्तस्राव झाला किंवा पाणी आटले असाच लावते. मग मूत्रपिंडातून रेनिन सुटते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते, ते अल्डोस्टेरॉन वाढवते, मीठ राखले जाते आणि मिठामागोमाग पाणी थांबते. मेंदूकडून येणारे लघवी कमी करणारे संप्रेरक त्यात भर घालते. अपघातात रक्त गेलेल्या माणसाला हीच यंत्रणा वाचवते. तुमच्या रुग्णात मात्र ती भरलेल्या जॅकवेलमध्ये आणखी पाणी ओतत राहते. अशा रुग्णाला मिठाचे पथ्य का सांगतात, याचे उत्तर याच साखळीत आहे.

बालरुग्ण विभागातील मुलाच्या लघवीवाटे प्रथिने वाहून जात आहेत. प्रौढांमध्ये हे प्रमाण दिवसाला 3.5 ग्रॅमच्या वर गेले की त्याला नेफ्रोटिक पातळी म्हणतात. रक्तातील अल्ब्युमिन डेसिलिटरला 3.5 ते 5 ग्रॅम असायला हवे, ते बरेच खाली येते आणि आत ओढून धरणारे बळ सर्वच केशवाहिन्यांत कमी होते, त्यामुळे जेथे ऊती सैल आहेत तेथे, म्हणजे पापण्यांत, पाणी आधी दिसते. मात्र सगळा दोष प्रथिनांवर टाकू नका, कारण या आजारात मूत्रपिंडही मीठ राखून ठेवते. तो मुलगा रात्रभर आडवा झोपतो, तुमच्या रुग्णाला मात्र आडवे होताच धाप लागत असणार आणि ते पाठीशी उशा लावून बसून रात्र काढत असणार. पाणी उताराकडे जाते, एवढेच त्या फरकाचे कारण आहे.

उत्तर : स्टाफ नर्स, मिरज

सिस्टरांनी सांगितलेल्या रोहिणिकेच्या दाराचा पुरावा वॉर्डात रोज दिसतो. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेणाऱ्या काही रुग्णांचे घोटे हृदय ठीक असूनही सुजतात, कारण ते औषध रोहिणिका सैल करते आणि केशवाहिनीवर थेट दाब येतो. तेथे लघवीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

तुमच्या केअर प्लॅनमध्ये वजनाचा तक्ता नसेल तर आजच घाला. खळगा पडण्याइतकी सूज दिसते तेव्हा अंगात कित्येक लिटर पाणी आधीच साठलेले असते, वजन मात्र ते पहिल्यापासून सांगते, कारण 1 किलो वाढ म्हणजे साधारण 1 लिटर पाणी. रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन घ्यावे आणि तीन दिवसांत 2 किलोहून अधिक वाढल्यास डॉक्टरांना कळवावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे पाय पाहून समाधान मानू नये, त्याच्या माकडहाडावर दाबून पाहावे. मिठाबद्दल विचाराल तर नातेवाइकांच्या पिशवीकडेही लक्ष असू द्या. जेवण अळणी ठेवायचे आणि भेटायला येणाऱ्यांनी भडंग, लोणचे आणायचे, असे आमच्याकडे नेहमी घडते.

धागाकर्ती

आपल्या दोघींचे मनापासून आभार. वाक्य मी असे बदलले आहे : "हृदय अशक्त झाल्याने नीलांतील दाब वाढला आणि तो केशवाहिन्यांपर्यंत मागे आला; रोहिणीच्या बाजूस भरणा कमी पडल्याने मूत्रपिंडाने मीठ व पाणी राखून ठेवले; या दोन्हींमुळे सूज आली." आज विचारल्यावर समजले की रुग्ण गेला महिनाभर बसूनच झोपत होते. मी हे विचारलेच नव्हते.

आता यातूनच एक शंका निघते. रोहिणीच्या बाजूला आधीच कमी भरणा असताना लॅसिक्स (लघवी वाढवणारे औषध) देऊन आणखी पाणी काढले, तर मूत्रपिंड अधिकच घाबरणार नाही का?

उत्तर : निवृत्त पाठ्यनिर्देशिका, सातारा

घाबरू शकते, आणि हा प्रश्न पडला याचा अर्थ साखळी तुमच्या हाती आली आहे. औषधाने पाणी आधी रक्तातून जाते आणि रिकामी जागा भरून काढायला सुजेतील पाणी केशवाहिन्यांत परत येते. या परत येण्याला वेळ लागतो. काढण्याचा वेग त्याहून जास्त झाला तर रक्तदाब आणखी उतरतो, उभे राहताच चक्कर येते आणि रक्तातील क्रिएटिनिन वाढू लागते, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावते. म्हणूनच अशा रुग्णांत डॉक्टर रेनिनची साखळी मध्येच तोडणारी औषधेही रक्तदाब पाहून जोडतात. स्पायरोनोलॅक्टोन हे त्यांपैकीच एक, ते अल्डोस्टेरॉनला अडवते.

तुमच्याकडे येते ते काम असे की 92/60 असलेल्या रुग्णाला डोस देण्यापूर्वी रक्तदाब पुन्हा मोजावा आणि तो आणखी खाली असल्यास डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. इनटेक-आउटपुट चार्ट अंदाजाने भरू नये. पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट फाइलमध्ये आहे का ते पाहावे, ते 3.5 ते 5 च्या दरम्यान असायला हवे, लॅसिक्सने ते उतरते, आणि रुग्णाला डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध चालू असेल तर उतरलेल्या पोटॅशियममुळे त्याची विषबाधा लवकर होते. स्पायरोनोलॅक्टोन उलट ते वाढवते, म्हणून दोन्ही औषधे चालू असतील तर रिपोर्टमध्ये वरचा आकडाही तितक्याच बारकाईने पाहावा.