कापूस वेचणीत पालकसभेला कोणी येत नाही. पालकांना नेमकं कोणतं काम द्यावं?

चौथीचावर्ग (चोपडा तालुका)
जिल्हा परिषद शाळा, इयत्ता चौथी, पट 31. दसऱ्यानंतर कापूस वेचणी सुरू झाली की पालकसभेला सात-आठ जण येतात, आणि त्यात बहुतेक चांगलं वाचणाऱ्या मुलांचेच पालक असतात. नऊ मुलं अजून जोडाक्षरांत अडकतात. त्यांतल्या सात घरी अहिराणी बोलतात, दोन घरी पावरी ही आदिवासी बोली. आई-वडील दोघंही सकाळी सातला शेतात जातात आणि घरात वाचता येणारं कोणी नाही, त्यामुळे "घरी अभ्यास घ्या" या सांगण्याला अर्थ उरत नाही. चार कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार आहेत. अशा पालकांना काय काम सांगावं आणि त्यांना भेटावं कधी?

तापीकाठ
सर, आधी वेळ बदला. दुपारी तीनची सभा म्हणजे त्या माणसाची अर्धी मजुरी बुडाली. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून या दिवसांत मुलाचे दोन हातही घराला हवे असतात. मूल शाळेत का येत नाही याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

रात्री आठनंतर, बाजाराचा दिवस टाळून, गल्लीतल्या एखाद्या ओट्यावर किंवा पारावर आठ-दहा पालकांना बसवा. 31 पालकांची एक मोठी सभा घेण्यापेक्षा गल्लीवार चार छोट्या बैठका बऱ्या. चाळीस मिनिटांच्या वर जाऊ नका. प्रत्येकाच्या हातात त्याच्याच मुलाची वही द्या, जूनचं पान आणि आजचं पान शेजारी-शेजारी दाखवा. अक्षर न येणाऱ्या आईलाही त्या दोन पानांतला फरक दिसतो.

सगळ्यांदेखत गुण वाचू नका. ओट्यावर भाऊबंद बसलेले असतात, बापाची मान खाली जाते आणि घरी गेल्यावर मार मुलाला बसतो. पुढच्या बैठकीला तो बाप येत नाही. गुणांचं बोलणं एकेकट्याशी, पाच मिनिटांत उरका.

संडासाला पाणी नाही, वर्गखोली गळते हे विषय निघाले तर लगेच शाळा व्यवस्थापन समितीकडे वळवा, नाहीतर तासभर त्यातच जातो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत 75 टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, ती जागा त्यासाठीच आहे. मुलाची हजेरी, शिकण्याची कुवत आणि प्रगती पालकांना नियमित भेटून सांगणं हे मात्र त्याच कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे.

जोडाक्षर
घरच्या कामाबद्दल लिहितो. न वाचणारी आई अभ्यास घेऊ शकत नाही, पण ऐकू शकते, आणि मूल कुठे थांबलं हे तिला नक्की कळतं. त्याचा उपयोग करा.

एका कागदावर मोठ्या अक्षरात सहा ते आठ ओळींचा उतारा द्या. मूल प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून वाचेल. बोट थांबलं किंवा मूल दोनदा तेच म्हणालं, की आईने त्या शब्दाखाली पेन्सिलीने एक टिंब द्यायचं. चूक सांगायची नाही, रागवायचं नाही. वाचून झालं की अहिराणीत विचारायचं, "काय व्हयनं त्यामा, माले सांग" (त्यात काय झालं, मला सांग). जेवणाआधी पंधरा मिनिटं, टीव्ही बंद करून, आठवड्यातून चार दिवस पुरे.

सकाळी तो कागद तुमच्याकडे येतो. टिंबं 'सूर्य', 'वर्ग', 'दर्या' यांच्याखाली असतील तर रफार कच्चा आहे. 'प्रकाश', 'ग्राम' यांच्याखाली असतील तर अक्षराला खाली जोडलेला र कळलेला नाही. टिंबं सगळीकडे विखुरलेली असतील तर जोडाक्षरं बाजूला ठेवून आधी काना-मात्रा तपासा. नऊ मुलांना एकच उपाय चालत नाही, आणि हा फरक वर्गात कळायला महिना जातो.

सगळ्यात महत्त्वाचं, आठवड्यातून एकदा त्या कागदावर काय केलं ते आईला कळवा. तिने दिलेल्या टिंबांचं पुढे काय होतं हे तिला कळलं नाही तर पंधरा दिवसांत काम बंद पडतं.

केळीबाग_रावेर (पालक)
जोडाक्षर सरांचं पटतं. पालकांच्या बाजूने दोन गोष्टी. व्हॉट्सअ‍ॅपवर लांब मजकूर टाकू नका. फोन बहुतेक वेळा बापाकडे किंवा थोरल्या भावाकडे असतो आणि तो मजकूर आईपर्यंत पोचत नाही. अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप अहिराणीत टाका, तो संध्याकाळी घरात सगळे ऐकतात. ग्रुपवर फक्त शिक्षकांनाच लिहिता येईल अशी सोय ठेवा, सुप्रभातच्या चित्रांत गृहपाठ हरवतो.

आणि पालकांनी "पोऱ्या कसा आहे?" असं विचारू नये, त्याला "बरा आहे" एवढंच उत्तर मिळतं. "कोणते शब्द अडतात? फळ्यावरचं लांबून दिसतं का? कोणत्या वारी गैरहजर असतो?" असं विचारा. रात्रीचं जागरण, कानाचं दुखणं, घरातलं आजारपण हे आपणहून गुरुजींच्या कानावर घाला.

सातपुडा_पायथा
ऊसतोडीच्या चार घरांकडे दिवाळीच्या सुट्टीआधी जा. मुकादमाची उचल (तोडीसाठी मजूर नेणाऱ्याकडून आगाऊ पैसे) घेतली की जायचं पक्कं होतं, त्यानंतरचं बोलणं उशिराचं ठरतं. पहिला पर्याय म्हणजे मूल आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहील का. हे आईशी बोला, आजीशीही बोला, कारण पाच महिने सांभाळायचं तिला आहे.

मूल सोबत जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतरित मुलाने नव्या शाळेत दाखवायचा कागद, भरून द्या. त्यात मूल कुठपर्यंत शिकलंय ते नेमकं लिहा: "जोडाक्षरं अडतात, हातच्याची वजाबाकी येते." पत्रक, भाषेचं पुस्तक आणि शाळेचा फोन नंबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईकडे द्या. कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, कागद भिजतात. तिथल्या शाळेने दाखल्यासाठी अडवलं तर पालकांना सांगून ठेवा, दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 तसंच सांगतं.

एक दुरुस्ती: टिंबांची पद्धत पावरी बोलणाऱ्या दोन घरी जपून वापरा. तिथे मूल एखादा शब्द न अडखळता वाचलं, तरी त्याचा अर्थ कळलेला असेलच असं नाही. त्यांना आधी उताऱ्यातल्या चार-पाच शब्दांचे पावरी प्रतिशब्द मुलांकडूनच काढून घ्या.

चौथीचावर्ग
फार उपयोग झाला. एक शंका: दोन-तीन दिवसांत मूल उतारा पाठ करून टाकेल. मग टिंबं कमी झाली ती वाचन सुधारलं म्हणून की पाठ झालं म्हणून, हे आईला कसं कळावं?

जोडाक्षर
शेवटच्या ओळीपासून वर वाचायला सांगा. पाठ केलं असेल तर बोट एका शब्दावर आणि तोंड दुसऱ्यावर असं होतं, आणि ते अक्षर न येणाऱ्या आईलाही दिसतं. उतारा दर सोमवारी बदला, पण त्यात आधीच्या आठवड्यात टिंब पडलेले चार शब्द पुन्हा घाला.